ब्राँझची छोटी तोफ हाती आली, आता पुढे काय?

अभिनंदन! पण चिंच लावून घासायला घेऊ नका. मी तसंच केलं आणि नळीवरची पुसट खूण कायमची गेली.

- नळीत लाकडी काडी घाला, तोंडाशी खूण करा, मग बाहेरून लावून पाहा. काडी बत्तीच्या छिद्रापर्यंत (मागचं भोक, जिथून दारू पेटवतात) पोचत नसेल तर आत काहीतरी अडकलंय. स्फोटक दारू आहे असं समजूनच वागा, जाणकाराकडे न्या.
- चुंबक चिकटला तर लोखंडावर मुलामा.
- नळीचं तोंड मोजा. अमेरिकन यादवीत वापरलेल्या, १८५७ च्या नमुन्याच्या 'नेपोलियन' तोफेचं सुमारे ११७ मिमी होतं, तुमची तोफ तिची छोटी प्रतिकृती असेल आणि तोंड १९.५ मिमी भरलं, तर प्रमाण मूळच्या एक-षष्ठांश.

साबणपाणी, मऊ ब्रश, कोरडं फडकं, बस. तपकिरी थर राहू द्या, त्यालाच किंमत आहे. गाड्याची चाकं नंतर बघू.