लक्ष नसताना लहान मूल दगावलं, तर आईवडिलांवर गुन्हा दाखल होतो का? व्हायला हवा का?

होऊ शकतो, पण सरसकट नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं: निष्काळजीपणामुळे मृत्यू, 5 वर्षांपर्यंत कैद. बाल न्याय कायद्याचं कलम 75 (मुलांशी क्रूरता) वेगळं, तिथे जाणूनबुजून दुर्लक्ष केल्याचं दिसावं लागतं.

जून 2023 मध्ये आपल्या नागपुरात, पाचपावली भागात, खेळायला गेलेली तीन लेकरं उभ्या गाडीत मृत सापडली. आजही तो विचार आला की जीव कासावीस होतो. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते. मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल, तर आतून कितीही ओढा, उघडत नाही. पुढच्या सीटवर जाऊन हॉर्न दाबायचा, हे चार वर्षांच्या पोराला आपणच शिकवायला हवं.

समजा, नवराबायको दोघं मजुरीला, धाकटं सात वर्षांच्या ताईच्या भरवशावर. त्या आईला आत टाकलं तर ताईला कोण सांभाळणार? मला हे पटत नाही. पण शेजाऱ्यांनी दोनदा सांगूनही पाण्याची टाकी उघडीच ठेवणाऱ्या किंवा कूलरमध्ये करंट येतो हे माहीत असून तो चालू ठेवणाऱ्या बापावर गुन्हा व्हायलाच हवा. आणि गाडी लॉक न करता महिनोन्‌महिने गल्लीत सोडणाऱ्यालाही जाब विचारा.