एका सब-असेंब्लीतले पार्ट दुसरीत नेताना

प्रश्न : आमच्या बेल्ट कन्व्हेयरच्या सॉलिडवर्क्स (थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअर) मॉडेलमध्ये हेड पुलीचा शाफ्ट आणि दोन प्लमर ब्लॉक (शाफ्टच्या बेअरिंगची घरे) फ्रेमच्या सब-असेंब्लीत (मुख्य जुळणीतल्या उपजुळणीत) आहेत. प्रत्यक्षात ते ड्राइव्ह युनिटबरोबर बसवले जातात, त्यामुळे फिटरच्या हाती चुकीची पार्ट लिस्ट पडते. डिलीट करून पुन्हा टाकले तर सगळे मेट (पार्टची एकमेकांशी जागा ठरवणारी बंधने) जातात. काय करावे?
– एक वाचक, शिरोली एमआयडीसी

उत्तर : डिलीट करण्याची गरज नाही. ज्या मुख्य असेंब्लीत दोन्ही सब-असेंब्ली आहेत ती उघडा, कंट्रोल दाबून तिन्ही पार्ट एकत्र निवडा आणि ट्रीमध्ये (पार्टच्या यादीत) ड्राइव्हच्या सब-असेंब्लीच्या नावावर नेऊन सोडा. टूल्स मेनूतील ‘रीऑर्गनाइझ कंपोनंट्स’नेही हेच होते. पार्ट एकेक करून नेऊ नका. तिन्ही एकत्र गेले की शाफ्ट आणि ब्लॉक यांच्यातले मेट त्यांच्यासोबत जातात, आणि ब्लॉकचा फ्रेमच्या चॅनेलशी असलेला मेट दोघांच्या सर्वांत जवळच्या सामाईक असेंब्लीत, म्हणजे तुमच्या मुख्य असेंब्लीत, चढतो. तो हरवला असे समजून नवा लावू नका, नाहीतर मेट ओव्हरडिफाइन होऊ शकतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्त बंधने एकमेकांशी भांडतात.

मात्र सोडल्यावर काही गोष्टी पुसल्या जातील असा इशारा आला, तर तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यात पॅटर्न (पार्टची ठरावीक अंतराने केलेली पुनरावृत्ती) किंवा असेंब्ली पातळीवरचा कट असेल, तर रद्द करून आधी त्याची सोय लावावी.

खरी अडचण बहुधा चॅनेलच्या भोकांत निघते. ब्लॉकच्या बोल्टहोलवरून ती फ्रेमच्या असेंब्लीत काढली असतील आणि हलवल्यावर चॅनेलच्या नावापुढील बाणाजवळ प्रश्नचिन्ह दिसू लागले, म्हणजे ब्लॉकचा संदर्भ मिळेनासा झाला, तर ब्लॉक बदलला तरी भोके जागची हलणार नाहीत, आणि हे शॉप फ्लोअरवर बोल्ट बसेना तेव्हाच कळेल. म्हणून भोकांची जागा फ्रेमच्याच लेआउट स्केचवरून ठरवावी, असा माझा आग्रह आहे.

हीच फ्रेम दुसऱ्या कन्व्हेयरमध्ये वापरली असेल तर तिथूनही शाफ्ट आणि ब्लॉक निघून जातील, कारण बदल सब-असेंब्लीच्या फाइलमध्येच होतो. त्यामुळे आधी पॅक अँड गोने (सर्व संबंधित फाइलींची एकत्र प्रत काढणाऱ्या सोयीने) प्रत काढून ठेवावी. इन्व्हेंटर हे दुसरे डिझाइन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तर अधिकच जपावे; तिथे ‘डिमोट’ करताना (पार्ट सब-असेंब्लीत खाली नेताना) बाहेरच्या पार्टशी असलेले कन्स्ट्रेंट, म्हणजे तिथले मेट, गळू शकतात.

शेवटी रीबिल्ड करून मुख्य असेंब्लीसह दोन्ही सब-असेंब्ली सेव्ह कराव्यात आणि ड्रॉइंगमधील बलून नंबर (पार्टजवळचे वर्तुळातले क्रमांक) पार्ट लिस्टशी पुन्हा ताडून पाहावेत.