दादा म्हणतो चांदणं होतं

प्रश्न : सर, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, दादा चौदाचा. मला पक्कं आठवतं, मिट्ट अंधार, तोंडात माती, आणि आजीनं दंडाला धरून मला ओढत बाहेर काढलं. दादा म्हणतो, लख्ख चांदणं होतं आणि तुला अण्णांनी खांद्यावर टाकून आणलं. दर ३० सप्टेंबरला यावरून आमची जुंपते. आजी, अण्णा आता नाहीत. खोटं कोण बोलतंय?
– एक वाचक, ता. औसा

उत्तर : खोटं कुणीच बोलत नाही, ताई. चांदण्याचं आधी बघू, ते पंचांगात सापडतं. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं होतं, १९९३ ची अनंत चतुर्दशी. म्हणजे पौर्णिमा तोंडावर. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी चंद्र पश्चिमेला कलला असेल, मावळला नव्हता. ढग नसतील तर अंगणात उजेड असणारच. दादा कुठं झोपला होता, ते विचारा. बाहेर बाजेवर असेल तर त्याला चांदणं दिसलं. तुम्ही माळवदाखाली. वरून माती कोसळताना लेकराला कुठलं चांदणं?

ध्यान जिथं जातं, तेवढ्याचीच नोंद होते. भीतीत तर ध्यान आणखी आवळतं. मेंदूतला बदामाच्या आकाराचा, भीती ओळखणारा भाग, अमिग्डाला, खडबडून जागा होतो, अंगात अ‍ॅड्रेनालिन उसळतं आणि शेजारच्या, आठवणी साठवायला लागणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधली नोंद घट्ट बसते. म्हणून त्या मातीची चव अजून जिभेवर आहे. पण घट्ट बसली म्हणजे बरोबरच बसली, असं नाही.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठं कळली, कुणी सांगितली. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. अकरा जणांचं सगळंच्या सगळं चुकलं, आणि चुकणारेही छातीठोकपणे सांगत होते! स्वतःचं जुनं अक्षर दाखवलं तरी मूळ आठवण परत आली नाही.

हसू नका, माझंही तेच. लातूरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवताना मी दर वर्षी वर्गात सांगायचो, ‘त्या पहाटे बायकोनं दंडाला धरून हलवलं म्हणून उठलो.’ एकदा घरी पाहुण्यांपुढं हेच सांगितलं, तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘मी तर बाळंतपणाला उदगीरला होते. थोरलीची जन्मतारीख बघा.’ बघितली. ऑक्टोबर ९३. तरी तिचा हात मला आजही दंडावर जाणवतो.

असं होतं, कारण आठवण काढली की ती जराशी मऊ पडते. परत बसताना ऐकलेलं, पेपरातल्या फोटोतलं, दादाशी भांडतानाचं, सगळं तिला चिकटतं. आजीनं नंतर कधी तुमचा दंड धरलाच नसेल का?

तेव्हा आजी की अण्णा, हे मला इथं बसून सांगता येणार नाही. त्या रात्री घरात असलेली चुलती, आत्या कुणी हयात असेल तर तिला गाठा. मात्र ‘आजीनंच काढलं ना गं मला?’ असं विचारू नका, ती हो म्हणेल. ‘त्या रात्रीचं सांग’ एवढंच म्हणा. आणि दादाला सोबत नेऊ नका.