फील्डबुकातले दोन रकाने

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

भूरूपशास्त्राचा, म्हणजे जमिनीची रूपं कशी घडतात या विषयाचा, पेपर घेतलास आणि पहिल्याच आठवड्यात विचारलंस, 'सर, वर्गात बोलण्याला खरंच गुण असतात का? मला तर अजून काहीच येत नाही.' असतात. पण बोलणं म्हणजे बरोबर उत्तर देणं, असा तुझा समज झालेला दिसतो. या विषयात आधी नीट पाहावं लागतं आणि पाहिलेलं सांगावं लागतं. उत्तराला उशीर झाला तरी चालतो.

हजेरीबद्दल लिहीत नाही. नियम आहे, तो पाळायचा. प्रॅक्टिकल मात्र बुडवू नकोस. समोच्चरेषांवरून (नकाशावर समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांवरून) जमिनीचा उभा छेद काढणं वाचून येत नाही, चार-सहा छेद चुकल्यावरच हाताला वळण लागतं. प्रवाहांची श्रेणी ठरवण्याचंही तसंच. स्ट्रालरच्या पद्धतीत ज्याला दुसरा कुठलाच प्रवाह येऊन मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा; असे दोन प्रवाह मिळाले की पुढचा दुसऱ्या श्रेणीचा होतो. पण त्या दुसऱ्याला पहिल्या श्रेणीचे कितीही येऊन मिळोत, तो दुसऱ्या श्रेणीचाच राहतो. वाचताना सोपं आहे. नकाशावर पेन्सिल टेकवलीस की घोटाळा होईल. होऊ दे.

तासाला वाचून यायचं म्हणजे व्याख्या पाठ करून नव्हे, अडलेली एक जागा घेऊन यायचं. कुठल्या आकाराचा कण उचलायला पाण्याचा किती वेग लागतो, ते दाखवणारा यूलस्ट्रॉमचा १९३५ सालचा आलेख बघ. पाण्याचा वेग वाढला की सगळ्यात बारीक कण आधी सुटतील, असं कुणालाही वाटेल. आलेखात मात्र मध्यम आणि बारीक वाळू सहज उचलली जाते, आणि तिच्याहून कितीतरी बारीक असलेल्या चिकणमातीला जास्त वेग लागतो. तिचे कण एकमेकांना धरून असतात ना! आणि एकदा उचलली गेली की तीच माती संथ पाण्यातही लवकर तळाशी बसत नाही. 'हा आलेख मला उलटा वाटतोय,' असं वर्गात कुणी म्हटलं की माझा तास सार्थकी लागतो. ते म्हणायला विषय यावा लागत नाही, आलेखाकडे खरोखर बघावं लागतं.

आता फील्डवर्क. फील्डबुकात दोन रकाने आख: 'दिसलं' आणि 'वाटलं'. 'नदीच्या पाण्यापासून दोन मीटर उंच, सपाट, वर बारीक गाळ' हे पहिल्या रकान्यात. 'पूरमैदान' (पुराने गाळ टाकून बनलेली सपाट जागा) हा शब्द दुसऱ्यात. विद्यार्थी असताना मी एका सपाट जागेचं रेखाचित्र काढून खाली ऐटीत 'जुनं पूरमैदान' लिहिलं होतं. पुढच्या खेपेला कळलं, ती जागा माणसांनीच भर टाकून सपाट केली होती. मी माती उकरून पाहिलीच नव्हती! पहिला रकाना भरला असता तर निदान चूक कुठे झाली ते तरी सापडलं असतं. (पेन्सिलच वापर, शाई पावसात पसरते. आणि फोटोत मापासाठी काहीतरी ठेव, नाहीतर दगड मुठीएवढा की घराएवढा, हे नंतर तुलाही सांगता येणार नाही.)

भूवैज्ञानिक जे हार्लेन ब्रेट्झ यांची गोष्ट वर्गात येईलच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात उघड्या बेसॉल्टमध्ये कोरलेले कोरडे प्रवाहमार्ग आणि आटलेल्या धबधब्यांचे कडे पाहून १९२० च्या दशकात त्यांनी मांडलं की हे एका प्रचंड पुराचं काम आहे. १९२७ च्या सभेत त्यांच्यावर सडकून टीका झाली, आणि टीकाकारांपैकी बरेच जण तिथे कधी गेलेही नव्हते. तरी 'एवढं पाणी आलं कुठून?' हा टीकाकारांचा प्रश्न रास्तच होता, आणि ब्रेट्झ यांच्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. पुढे हिमयुगात हिमनदीने अडवलेल्या आणि बर्फाचा बांध फुटून रिकाम्या झालेल्या मिसूला सरोवराकडे बोट गेलं; १९४२ मध्ये भूवैज्ञानिक पार्डी यांनी तिथल्या राक्षसी तरंगखुणांचं (वाहत्या पाण्याने गाळात उठवलेल्या लाटांसारख्या वरंब्यांचं) वर्णन छापलं. पूरही एक नव्हे, अनेक आले असावेत, असं आता मानतात. ब्रेट्झ यांना भूविज्ञानातलं मानाचं पेनरोज पदक मिळालं १९७९ मध्ये, नव्वदी उलटल्यावर. त्यांचा 'दिसलं'चा रकाना पक्का होता, म्हणून 'वाटलं'मध्ये दुरुस्ती करता आली.

गटात काम करताना टेप धरणारा आणि नोंदी घेणारा दर थांब्याला बदला. नाहीतर अक्षर चांगलं म्हणून तुलाच दिवसभर लिहायला बसवतील आणि उतार मोजायचा राहूनच जाईल.

फील्डला निघण्याच्या आदल्या रात्री नकाशा उघड. नदी कुठल्या वळणावर काठ खात असेल आणि कुठे गाळ टाकत असेल, ते पेन्सिलीने खुणावून ये. पहिल्या थांब्यावर मी तुलाच विचारणार आहे.

तुझे,
सर