देश नंतर बघ, आधी कशाचं वय काढायचं ते ठरव

तू विचारलंस, "ताई, बडोद्याला जिऑलॉजीत एम.एस्सी. संपत आलंय. खाऱ्या सरोवरांच्या गाळाचं वय काढून जुनं हवामान शोधायचंय. पीएचडीला अमेरिका बरी की ऑस्ट्रेलिया? आणि बाबा म्हणतात, चिखल उपसायला एवढ्या लांब कशाला?"

बाबांचं शेवटी बघू.

मी सॉल्ट लेक सिटीला राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वासाच डोंगरावर आडव्या पायऱ्या दिसतात, उतारावर कुणी भाताची खाचरं काढल्यासारख्या. त्या बोनव्हिल सरोवराच्या जुन्या किनाऱ्याच्या खुणा. एके काळी हे सरोवर 300 मीटरहून खोल होतं. सुमारे 18,000 वर्षांपूर्वी उत्तरेला, आयडाहोत, रेड रॉक खिंडीतला गाळाचा बांध फुटला आणि पाण्याचा लोंढा स्नेक नदीत गेला. मागे राहिलेलं आटत आटत आजचं ग्रेट सॉल्ट लेक झालं. भूवैज्ञानिक गिल्बर्टने 1890 मध्ये यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठला किनारा आधीचा आणि कुठला नंतरचा एवढंच सांगता येई. वर्षं मोजायला आणखी साठेक वर्षांनी रेडिओकार्बन यावं लागलं, म्हणजे मेलेल्या जिवातला किरणोत्सर्गी कार्बन किती उरला यावरून वय काढायची पद्धत.

माझं ऐकशील तर आधी पद्धत ठरव, मग त्यात मुरलेली लॅब शोध. देश आपसूक ठरतो.

रेडिओकार्बन सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळे तिथेच घसरतात. ते 50,000 वर्षांपर्यंतच चालतं. शिवाय आजूबाजूला चुनखडी असेल तर तिच्यातला जुना कार्बन पाण्यात उतरतो, शेवाळ तोच वापरतं, आणि गाळ आहे त्याहून म्हातारा दिसतो. पहिल्या वर्षी मी गाळाचा गोळा तसाच पाठवला. आलेलं वय त्याच थरातल्या गवताच्या बीपेक्षा कित्येक शतकांनी जास्त. बी जमिनीवर वाढलेलं, त्याने कार्बन हवेतून घेतलेला, म्हणून खरं तेच. मग दोन महिने चाळणी आणि चिमटा घेऊन बिया वेचल्या. आजी तांदूळ निवडायची तशा.

मिठाच्या थरात बिया कुठून येणार? तिथे युरेनियम-थोरियम. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ नाही, म्हणून स्फटिक बनतो तेव्हा त्यात थोरियम नसल्यात जमा असतं. पुढे युरेनियमपासून त्यात जे थोरियम तयार होतं ते मोजायचं. पाचेक लाख वर्षांपर्यंत जाता येतं. मात्र मिठात चिकणमाती मिसळली असेल तर ती आपलं थोरियम घेऊन येते, आणि ते वजा करण्यातच सगळी कसरत. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत 1993 मध्ये काढलेला सुमारे 185 मीटरचा कोअर, म्हणजे भोक पाडून उपसलेला थरांचा लांब दांडा, याच पद्धतीने दोन लाख वर्षांपर्यंत लावला गेला. चिखलाचे थर म्हणजे सरोवर भरलेलं, मिठाचे म्हणजे आटलेलं.

त्याच कामात मला सगळ्यात आवडतं ते मिठाच्या आतलं पाणी. सूक्ष्मदर्शकाखाली खड्यात चौकोनी डब्या दिसतात, त्यात त्या काळचं खारं पाणी कोंडलेलं. खडा आधी फ्रीजरमध्ये ठेवायचा, म्हणजे डबीत बुडबुडा धरतो. मग हळूहळू तापवायचा. बुडबुडा नाहीसा होतो ते तापमान म्हणजे मीठ धरलं तेव्हाच्या पाण्याचं. घाई केलीस की डबी ताणली जाते आणि आकडा खोटा येतो. दुपारी मन थाऱ्यावर नसेल तर हे काम हातात घेऊ नये.

तिसरी पद्धत ओएसएल. वाळूच्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं, ते यात कळतं: पुरलेला कण आजूबाजूच्या मातीतला किरणोत्सर्ग साठवत जातो, लॅबमध्ये त्यावर प्रकाश टाकला की तो चमकतो, आणि त्या चमकेवरून किती साठला ते मोजतात. ऊन लागलं की साठा पुसला जातो. नमुना अंधारातच राहायला हवा, लॅबमध्येही मंद लाल दिवा. सुट्टीत आले असताना मी कच्छच्या रणात लोखंडी पाईप ठोकून नमुना घेतला, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला. माती आणायचा परवाना, पत्र, सगळं होतं. तरी तपासणीत एकाने टोपण काढून वाळू ट्रेमध्ये ओतली, वर टॉर्च मारला. मी बघत राहिले. तेव्हापासून नमुने कुरियरनेच जातात.

अजून एक. सरोवराचा गाळ किती काळ किती ओला होता, यावर ओएसएलचं वय हलतं. पाणी किरणोत्सर्ग शोषतं, म्हणून ओल्या गाळात कणापर्यंत तो कमी पोचतो. ओलावा कमी धरलास तर गाळ आहे त्याहून तरुण दिसेल. ज्या प्राध्यापकांना पत्र लिहिशील त्यांना हाच प्रश्न विचार. उत्तर यायला वेळ लागला तरी चालेल, पण "मशीन काढतं" असं उत्तर आलं तर तिकडे जाऊ नकोस.

बाकी नेहमीचं. इथे अर्ज बहुतेक डिसेंबर-जानेवारीत, म्हणून पत्रं सप्टेंबरात. सहायकपदाशिवाय, म्हणजे विद्यापीठात शिकवायच्या किंवा संशोधनाच्या कामाशिवाय, पीएचडी घेऊ नकोस. ते असलं की सहसा फी माफ आणि वर महिन्याचा पगार. बडोद्यात ॲक्टिवावर भागतं, इथे फील्डला गाडी स्वतः चालवावी लागते, तेव्हा निघण्याआधी चारचाकी शिकून घे. ठेपले चार दिवस टिकतात, पाचव्या दिवशी मिठासारखे कडक.

बाबांना सांग, ओएसएल शिकायला परदेशच लागतो असं नाही, अहमदाबादच्या पीआरएलमध्ये, म्हणजे फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत, ते काम वर्षानुवर्षं चालू आहे. आधी तिथे सहा महिने काढ. आवडलं नाही तर तिकिटाचे पैसे वाचले. तेवढ्यात रणातही जाऊन ये, पण डिसेंबरनंतर, मीठ धरल्यावर. पाईप तीन ने. दोन लागतात, तिसरा ठोकताना वाकतो.