अंगणात पाखरे यावीत म्हणून

प्रश्न : आम्ही लातूरला राहतो. उन्हाळ्यात अंगणात ज्वारी आणि तांदूळ टाकतो. पण कबुतरांशिवाय कोणी फिरकत नाही. चिमण्या, बुलबुल यावेत यासाठी काय करावे?

उत्तर : मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, ओढे-नाले आटतात आणि पाखरांना दाण्यापेक्षा पाण्याची निकड अधिक भासते, म्हणून आधी पाण्याची सोय करावी. मातीचे पसरट, खरबरीत परळ सावलीत ठेवून त्यात दोन बोटे पाणी भरावे आणि मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे चिमणीला त्यावर उतरून अंघोळही करता येते. पत्र्याचे भांडे तापते, ते टाळावे. पाणी रोज बदलून परळ काथ्याने घासावे, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. मांजर दबा धरून बसेल असे दाट झुडूप अगदी लगत नसावे.

दाण्यांचे म्हणाल, तर बुलबुलाला मुख्यतः फळे आणि किडे लागतात. पिकलेल्या पपईची फोड फांदीला खोचून पाहा. चिमण्यांसाठी बाजरी, राळा असे बारीक धान्य मूठभरच, कबुतराला बसता येणार नाही अशा लहान टांगत्या भांड्यात ठेवावे. फरसाणासारखे खारट पदार्थ मुळीच नकोत. मात्र चिमणी पिलांना प्रामुख्याने अळ्या-किडेच भरवते, त्यामुळे बागेतली कीटकनाशकांची फवारणी थांबवणे मला दाण्यांहूनही महत्त्वाचे वाटते. जास्वंद लावल्यास फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मध पिणारा शिंजीरही येऊ लागेल.