मुलाखतीत मालवेअरबद्दल काय आणि कसे बोलावे?

प्रश्न : मी जळगावला संगणकशास्त्राची पदवी घेतली असून वर्षभर रावेरला घरी राहून सायबर सुरक्षेचा अभ्यास करते आहे. वडिलांची केळीची बाग आहे. पुण्यातील एका मुलाखतीत ‘मालवेअरबद्दल काय माहीत आहे?’ असे विचारल्यावर मी व्हायरस, वर्म, ट्रोजन आणि रॅन्समवेअर या घातक प्रोग्रामच्या प्रकारांच्या व्याख्या घडाघडा सांगितल्या, पण परीक्षकांचे समाधान झाले नाही. मी सरावासाठी मालवेअरचे खरे नमुनेही चालवून पाहिले आहेत. ते सांगितल्यास गैरसमज होईल का? पुढची मुलाखत पंधरा दिवसांवर आली आहे.
— एक वाचक, रावेर

उत्तर : तुमच्या व्याख्या चुकल्या नसतील, पण त्या कोणालाही पाठ करता येतात आणि म्हणून त्यांवरून उमेदवाराची पारख होत नाही. केळीच्या पानावर पिवळे पट्टे दिसले की तुमचे वडील ‘हरण्या’ एवढे नाव घेऊन थांबत नसतील. रोग पसरवणारी मावा ही कीड कुठून आली, शेजारच्या किती झाडांना लागण झाली, हे पाहून ते रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नेत असतील. परीक्षकाला हीच नजर हवी असते.

त्यासाठी दहा नावांपेक्षा एकच प्रकरण तळापर्यंत समजून घ्या. १२ मे २०१७ रोजी पसरलेला वॉनाक्राय हा मालवेअर फायली कुलूपबंद करून खंडणी मागत असे म्हणून रॅन्समवेअर होता, आणि विंडोजच्या एसएमबी या, नेटवर्कवर फायली वाटून घेण्याच्या सेवेतील उणिवेतून, पोर्ट ४४५ या तिच्या ठरलेल्या दारातून, कोणी कशावरही क्लिक न करता पुढच्या संगणकात शिरत असे म्हणून वर्मही होता. मायक्रोसॉफ्टने त्या उणिवेवरची दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांचे संगणक उघडे राहिले. फायलींना हात लावण्यापूर्वी तो एका लांबलचक, निरर्थक वेबपत्त्याशी संपर्क साधून पाही आणि उत्तर आले तर तिथेच थांबे. आता परीक्षकाने विचारले, ‘हा पत्ता फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कची ये-जा तपासणाऱ्या चौकीवर, अडवाल का?’ तर सवयीने ‘हो’ म्हणण्याचा मोह होतो, पण अडवल्यास उत्तर येणार नाही आणि फायली कुलूपबंद होतील. हे स्वतः उलगडून सांगणारा उमेदवार मला लगेच जवळचा वाटतो.

प्रसंग देऊनही विचारतात. समजा, हिशेब विभागातील संगणकावर वर्डमधून पॉवरशेल हे विंडोजला आज्ञा देण्याचे साधन सुरू झाल्याची सूचना आली. तो संगणक बंद करू नका, कारण मेमरीतील पुरावा जातो. चालू ठेवूनच नेटवर्कपासून तोडा. मग ती वर्डची फाइल कोणत्या ईमेलने आली आणि तोच ईमेल आणखी कोणाकोणाला गेला, याचा माग काढा. फाइल थेट व्हायरसटोटल या फायली तपासणाऱ्या संकेतस्थळावर चढवण्याऐवजी आधी तिचा हॅश, म्हणजे आशयावरून निघणारा अंकअक्षरी ठसा, तिथे शोधा, कारण चढवलेली फाइल बाहेरच्या लोकांनाही मिळू शकते आणि तिच्यात कंपनीची गोपनीय माहिती असू शकते. ही शेवटची काळजी फार थोडे उमेदवार बोलून दाखवतात.

नमुने चालवल्याचे अवश्य सांगा. गैरसमज होतो तो मोघम बोलण्याने. आभासी यंत्र, म्हणजे संगणकातच सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, वेगळे ठेवले होते का, सामायिक फोल्डर आणि इंटरनेट बंद होते का, आधी त्या यंत्राचा स्नॅपशॉट, म्हणजे पूर्वस्थितीला परत येण्यासाठी जतन केलेली प्रत, घेतला होता का, हे क्रमाने मांडा आणि जे खरोखर केले तेवढेच मांडा. सुरुवातीला यात काही चूक झाली असेल तर तीही सांगा, ती कशी लक्षात आली हेही सांगा. मात्र मैत्रिणीच्या लॅपटॉपवर किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत परवानगीविना असा प्रयोग कधीही करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ अन्वये अशा कृत्यामागे अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

माहिती संपेल तिथे ‘इथपर्यंत मला ठाऊक आहे, पुढचे मी अमुक नोंदींतून शोधेन’ असे स्पष्ट म्हणा. या पंधरा दिवसांत वॉनाक्रायची हकिगत रोज एकदा घरच्या बोलीत आईला सांगा, आणि ती जिथे ‘म्हणजे काय?’ असे विचारेल, तो भाग त्या रात्री पुन्हा वाचा.